र. कृ. जोशी : भारतीय लिप्यांना संगणकावर हक्काची जागा मिळवून देणारे अक्षरकार

रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) हे मराठी कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक आणि अक्षररचनाकार. मराठी साहित्यविश्वात ते र. कृ. जोशी या नावाने परिचित आहेत. संगणकावरील 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांच्या रेखाटनातून घडला. आज मोबाईलवर 'जय भीम' लिहिणाऱ्या बहुतेकांना हे नाव ठाऊक नसते.

जाहिरात क्षेत्र आणि कविता

मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कलेचे शिक्षण घेतल्यानंतर जोशी जाहिरात व्यवसायात आले. उल्का या संस्थेत त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केले. त्या काळात जाहिरात बहुधा आधी इंग्रजीत आखली जाई आणि नंतर तिचे भारतीय भाषांत भाषांतर होई. त्यामुळे तमिळ, बंगाली किंवा मराठी अक्षरांना इंग्रजीसाठी आखलेल्या जागेत कोंबून बसवावे लागे. प्रत्येक लिपीची उंची, वळण आणि श्वास वेगळा आहे, हे ओळखून जोशी यांनी अक्षरांकडे पाहिले. सर्व भारतीय भाषांना सामावणारी 'देशनागरी' ही समान लिपीही त्यांनी मांडून पाहिली.

साठच्या दशकातील लघुनियतकालिकांच्या चळवळीत ते कवी म्हणून सहभागी होते. राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांचे लेखनही याच चळवळीच्या वातावरणात पुढे आले. प्रस्थापित मासिके जागा देत नसतील तर आपले पान आपणच छापायचे, हा त्या पिढीचा बाणा होता.

अध्यापन आणि फाँटनिर्मिती

१९८३ पासून जोशी यांनी आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले. त्यानंतर ते एनसीएसटी या संस्थेशी जोडले गेले. ही संस्था पुढे सी-डॅक मुंबई झाली. तिचे नवी मुंबईतील केंद्र खारघर स्थानकासमोर आहे.

युनिकोडपूर्वी प्रत्येक मराठी फाँटची सांकेतिक रचना निराळी असे. एका फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अर्थहीन चिन्हे दिसत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक आहे. 'बुद्ध' लिहिताना संगणक द, हलन्त आणि ध साठवतो. त्यांचे 'द्ध' हे जोडाक्षर फाँट घडवतो. 'धम्म'मधील 'म्म' किंवा पालीतील 'पञ्ञा'मधील 'ञ्ञ' यांनाही हेच लागू आहे. म्हणून फाँट घडवणाऱ्याला सुटी अक्षरे काढून भागत नाही, जोडाक्षरांचा सगळा संसार मांडावा लागतो.

विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी 'मंगल' आणि तमिळसाठी 'लता' हे फाँट आले. पुढे गुजराती, गुरुमुखी, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि बंगाली लिप्यांचे फाँटही विंडोजमध्ये समाविष्ट झाले. या कामात जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोलाचा वाटा होता. वापरणाऱ्याला हे फाँट वेगळे विकत घ्यावे लागले नाहीत. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

आपल्या दृष्टीने महत्त्व

धम्माचा संदेश एकाच लिपीत अडकून राहू नये, ही दृष्टी आपल्याकडे जुनी आहे. सम्राट अशोकाचा लेख सोपाऱ्यात ब्राह्मीत आहे, शाहबाजगढीला खरोष्ठीत, तर कंदाहारला ग्रीक आणि अरमाइक भाषांत. ज्या प्रदेशात जी लिपी वाचली जाई, ती तिथे वापरली गेली.

याच भूमीत पुढे बहुसंख्य समाजाला अक्षरच नाकारले गेले. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक', १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू केले आणि स्वतःचा छापखाना उभारला. टाइप, शाई आणि कागद यांचा खर्च भागवताना या पत्रांची किती ओढाताण झाली, हे सर्वज्ञात आहे. आज समाजातील तरुण कार्यकर्ता एका फोनवर वृत्तपत्र चालवू शकतो, कारण त्याची लिपी यंत्रातच आहे.

प्रश्न संपलेले नाहीत. देवनागरीच्या अनेक फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळण प्रमाण मानले, तरी छापील फलकांवर ते सर्रास दुर्लक्षिले जाते.

उरण मार्गावरील स्थानकांच्या पाट्या तीन भाषांत आहेत. बंदर आणि गोदामांमुळे या परिसरात अनेक राज्यांतील कामगार राहतात. इथे बुद्धपौर्णिमेचा फलक करणाऱ्याने आधी पाहावे, वाचणारा कोण आहे. मग त्याच्या लिपीला मराठीइतकीच जागा द्यावी. इतर भाषा खाली बारीक टाइपात ढकलल्या, तर निमंत्रण सर्वांना असले तरी मान काहींनाच मिळतो.