'इंग्लिश ओन्ली' ही भानगड आली कुठून?

शाळेत तोंडातून मराठी शब्द निसटला म्हणून दंड भरलेले बरेच जण हे वाचत असतील. इंग्रजी शिकायचं तर वर्गात दुसरी भाषा नकोच, हे आपल्याला इतकं पटलेलं असतं की हा नियम केला कोणी, हे विचारायचंच राहून जातं. आज थोडा त्याचा इतिहास.

आपल्याकडे आधी उलटा प्रकार होता. जुन्या पिढ्यांचं इंग्रजी घडवलं ते द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'नं. नियम मराठीत समजावायचा, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी करायचं आणि इंग्रजीचं मराठी. लिहिणं-वाचणं पक्कं व्हायचं. पण बोलायची वेळ आली की मनात भाषांतर चालू, आणि तोवर समोरचा पुढच्या वाक्यावर! युरोपातही लॅटिनच्या धर्तीवर भाषा शिकवत, तिथेही हीच रड होती.

मग अमेरिकेत १८७८ साली मॅक्सिमिलियन बर्लिट्झनं प्रॉव्हिडन्स गावात शाळा काढली. किस्सा असा सांगतात, की त्यानं निकोलस जोली नावाचा फ्रेंच मदतनीस नेमला आणि नंतर कळलं की गड्याला इंग्रजी येतच नाही. त्यात बर्लिट्झ आजारी पडला. जोलीनं हातवारे करत, वस्तू दाखवत फक्त फ्रेंचमधून वर्ग चालवला, आणि काही आठवड्यांनी मुलं फ्रेंच बोलू लागली होती. म्हणजे बघा, या किस्स्यात तरी 'मातृभाषा वर्ज्य' करण्यामागे कुठला सिद्धांत नव्हता. मास्तरांना मुलांची भाषा येत नव्हती, एवढंच. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्कअराउंड, ज्याचं पुढे फीचर झालं :)

या फीचरचं धोरण झालं ते १९६१ साली. युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी शिकवण्यावर परिषद भरली. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी, ही समजूत तिथून घट्ट झाली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या पुस्तकात या समजुतीला सरळ भ्रम म्हटलं. त्यांचा मुद्दा असा, की या नियमानं फायदा होतो तो परदेशी शिक्षकाचा आणि परदेशी पुस्तकांचा. मुलांची भाषा जाणणारा स्थानिक शिक्षक मात्र उगाच कमी ठरतो.

यावरचा उतारा आला वेल्समधून. तिथे एकोणिसाव्या शतकात वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. त्याच वेल्समध्ये १९६७ साली सी. जे. डॉडसन यांनी द्विभाषिक पद्धत मांडली. शिक्षकानं नवं वाक्य बोलायचं, लगेच अर्थ मातृभाषेत सांगायचा, आणि मुलांनी सराव करायचा तो नव्या भाषेतच. म्हणजे समजायला आपली भाषा आणि बोलायला नवी. तर्खडकरी पद्धतीत नेमका हा बोलण्याचा सराव कमी पडत होता. पुढे १९९४ मध्ये केन विल्यम्स यांनी वाचायचं एका भाषेत आणि चर्चा दुसरीत, अशा अदलाबदलीलाच वेल्शमध्ये नाव दिलं. त्यावरून आजचा 'ट्रान्सलँग्वेजिंग' हा शब्द आला.

हे सगळं आपल्याला का हवं? महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. गावातल्या ज्या मुलाच्या कानावर वर्गाबाहेर इंग्रजी पडतच नाही, त्याच्या बाईंना 'मराठी वापरू नका' सांगणं म्हणजे त्यांच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन काढून घेणं. आणि दिवसभर 'अरे, हा थ्रेड लॉक सोडतच नाहीये' असं बोलत काम करणाऱ्या आपण तरी त्यांना नावं ठेवू नयेत.