पॉली उम्रीगर यांची क्रिकेट आकडेवारी

पहलन रतनजी ऊर्फ पॉली उम्रीगर (जन्म : २८ मार्च १९२६, सोलापूर, मृत्यू : ७ नोव्हेंबर २००६, मुंबई) हे भारताचे माजी कसोटी कर्णधार व अष्टपैलू क्रिकेट खेळाडू होते. ते उजव्या हाताने मधल्या फळीत फलंदाजी करीत, मध्यमगती व ऑफस्पिन अशी दोन्ही प्रकारची गोलंदाजी टाकीत आणि यष्टीजवळच्या क्षेत्ररक्षणासाठीही ओळखले जात. कसोटी क्रिकेटमध्ये द्विशतक झळकावणारे ते पहिले भारतीय फलंदाज होत. १९६२ साली ते निवृत्त झाले तेव्हा सर्वाधिक कसोटी सामने (५९), सर्वाधिक धावा (३,६३१) आणि सर्वाधिक शतके (१२) हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. या लेखात त्यांच्या कामगिरीची आकडेवारी आणि तिच्यामागील संदर्भ दिले आहेत.

पार्श्वभूमी

उम्रीगर यांचा जन्म सोलापूरच्या एका पारशी कुटुंबात झाला. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता. ते शाळेत असतानाच कुटुंब मुंबईला स्थलांतरित झाले. सोलापूर जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या क्षेत्रात येतो. परंतु रणजी करंडकात उम्रीगर मुंबई व गुजरात या संघांकडून खेळले, महाराष्ट्राकडून कधीही नाही. त्यामुळे सोलापूर हे त्यांचे जन्मगाव असले, तरी त्यांच्या धावफलकांत या गावाचा संबंध कुठेच दिसत नाही.

वयाच्या अठराव्या वर्षी, १९४४ च्या मुंबई पंचरंगी स्पर्धेत, त्यांनी पारशी संघातून प्रथमश्रेणी पदार्पण केले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत असताना ते मुंबई विद्यापीठ संघाचे कर्णधार होते. १९४८ साली भारतात आलेल्या वेस्ट इंडीज संघाविरुद्ध संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या. त्याच मोसमात, डिसेंबर १९४८ मध्ये, मुंबईच्या कसोटीत त्यांना भारताकडून पहिली संधी मिळाली. त्या पदार्पणात त्यांनी ३० धावा केल्या.

एकूण आकडे

५९ कसोटींच्या ९४ डावांत, आठ वेळा नाबाद राहून, उम्रीगर यांनी ४२.२२ च्या सरासरीने ३,६३१ धावा केल्या. त्यांत १२ शतके व १४ अर्धशतके असून सर्वोच्च धावसंख्या २२३ आहे. गोलंदाजीत त्यांना ४२.०८ च्या सरासरीने ३५ बळी मिळाले; एका डावातील सर्वोत्तम कामगिरी ७४ धावांत ६ बळी ही पाकिस्तानविरुद्धची आहे. त्यांनी ३३ झेल घेतले.

प्रथमश्रेणी क्रिकेटमधील २४३ सामन्यांत त्यांनी ५२.२८ च्या सरासरीने १६,१५५ धावा व ४९ शतके काढली. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १९५९ मध्ये केलेल्या नाबाद २५२ धावा हा त्यांचा सर्वांत मोठा डाव. प्रथमश्रेणीत त्यांनी ३२५ बळी २५.६८ च्या सरासरीने मिळवले. कसोटी व प्रथमश्रेणी गोलंदाजी सरासरींमधील हा मोठा फरक लक्षणीय आहे : कसोटीत त्यांच्याकडे चेंडू बहुधा मुख्य गोलंदाजांना विश्रांती देण्यासाठी येई, स्थानिक सामन्यांत मात्र ते स्वतःच मुख्य गोलंदाजांपैकी एक असत.

बारा कसोटी शतकांपैकी पाच पाकिस्तानविरुद्ध, प्रत्येकी तीन इंग्लंड व वेस्ट इंडीजविरुद्ध आणि एक न्यू झीलंडविरुद्ध आहे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांना शतक करता आले नाही. सात शतके भारतात व पाच परदेशांत झाली. परदेशांतील पाचांपैकी दोन पोर्ट ऑफ स्पेनच्या एकाच मैदानावरची आहेत.

मद्रास, १९५२

त्यांचे पहिले कसोटी शतक भारताच्या पहिल्या कसोटी विजयातले आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या पाचव्या कसोटीसाठी मद्रासला उतरलेल्या संघात मुळात उम्रीगर यांचे नाव नव्हते. हेमू अधिकारी यांच्या मनगटाला दुखापत झाल्याने त्यांना ऐनवेळी घेण्यात आले. त्यांनी नाबाद १३० धावा केल्या, पंकज रॉय यांनी १११ धावा जोडल्या आणि विनू मंकड यांनी दोन्ही डावांत मिळून १२ बळी घेतले. भारताने हा सामना एक डाव व ८ धावांनी जिंकून मालिका १–१ अशी बरोबरीत सोडवली. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताला पहिल्या विजयासाठी वीस वर्षे वाट पाहावी लागली होती.

इंग्लंड दौरा, १९५२

या विजयानंतर चारच महिन्यांनी सुरू झालेली मालिका उम्रीगर यांच्या नावाला कायमची चिकटली. चार कसोटींच्या सात डावांत त्यांनी एकूण ४३ धावा केल्या, सरासरी ६.१४. कसोटी पदार्पण करणारा फ्रेड ट्रूमन याने त्या मालिकेत २९ बळी घेतले. लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताचा दुसरा डाव शून्यावर चार बाद असा सुरू झाला होता, तर मँचेस्टरला संपूर्ण संघ एकाच दिवशी ५८ आणि ८२ धावांत दोनदा बाद झाला. अपयश संघाचे होते, पण ट्रूमनच्या वेगापुढे लेग-स्टंपच्या बाहेर सरकणारा फलंदाज म्हणून जे चित्र रंगवले गेले ते प्रामुख्याने उम्रीगर यांचे. इंग्रजी क्रिकेटलेखनात त्यावरचे विनोद पुढे अनेक वर्षे फिरत राहिले.

त्याच दौऱ्यातील दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. कसोटी व कौंटी सामने धरून दौऱ्याच्या प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये उम्रीगर यांनी दीड हजारांहून अधिक धावा केल्या आणि त्यांत तीन द्विशतके होती. म्हणजे इंग्लंडच्या खेळपट्ट्या त्यांना अपरिचित राहिल्या नव्हत्या. अडचण अस्सल वेगवान माऱ्याची होती, आणि असा मारा भारतातील स्थानिक क्रिकेटमध्ये त्या काळी जवळपास नव्हताच. ही एक मालिका वगळून हिशेब केल्यास त्यांची कसोटी सरासरी ४५.४२ होते. अर्थात ती वगळता येत नाही. पण कारकिर्दीची ओळख त्याच सात डावांवरून करून देणेही आकडेवारीला धरून नाही.

मालिकांच्या सलामीचे सामने

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये मोसमाच्या पहिल्या दिवसाला मोठे महत्त्व आहे आणि त्या एका दिवसाच्या कामगिरीची स्वतंत्र नोंद ठेवली जाते. क्लीव्हलँडच्या बॉब फेलरने १६ एप्रिल १९४० रोजी, मोसमाच्या पहिल्याच दिवशी, शिकागोच्या संघाला एकही हिट न देता सामना जिंकला, त्याची आठवण आजही दरवर्षी निघते. कसोटी क्रिकेटमध्ये त्याच्याशी तुलना करता येईल असा प्रसंग म्हणजे मालिकेचा पहिला सामना. उम्रीगर यांचे दोन महत्त्वाचे डाव अशा सलामीच्या सामन्यांत आले.

पहिला जानेवारी १९५३ मधला. भारताचा हा पहिलाच वेस्ट इंडीज दौरा होता. इंग्लंडमधील अपयशाला काही महिनेच उलटले होते. पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्या कसोटीत उम्रीगर यांनी १३० व ६९ धावा केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. पुढे किंग्स्टनला त्यांनी ११७ धावा काढल्या. पाच कसोटींत ६२.२२ च्या सरासरीने ५६० धावा करून भारताकडून ते या मालिकेत अव्वल ठरले. ६.१४ वरून ६२.२२ हा बदल एका वर्षाच्या आतला आहे.

दुसरा डाव नोव्हेंबर १९५५ मध्ये हैदराबादला झाला. न्यू झीलंडविरुद्धची ही भारताची पहिलीच कसोटी मालिका आणि हैदराबादमधील पहिलीच कसोटी. त्याआधी भारताकडून सर्वांत मोठा कसोटी डाव मंकड यांचा, १९५२ मध्ये लॉर्ड्सवरील १८४ धावांचा होता. उम्रीगर यांनी २२३ धावा करून तो मागे टाकला. विजय मांजरेकर (११८) यांच्यासह त्यांनी तिसऱ्या गड्यासाठी २३८ धावांची भागीदारी केली आणि पदार्पण करणाऱ्या कृपाल सिंग यांनी नाबाद १०० धावा जोडल्या. भारताने ४ बाद ४९८ वर डाव घोषित केला. सामना मात्र अनिर्णित राहिला.

हा विक्रम फार टिकला नाही. मुंबईच्या दुसऱ्या कसोटीत मंकड यांनीही नेमक्या २२३ धावा केल्या आणि मद्रासच्या पाचव्या कसोटीत २३१ धावा काढून तो मोडला. पहिले भारतीय द्विशतक हा मान मात्र उम्रीगर यांच्याकडेच राहिला.

कर्णधारपद

हैदराबादच्या सामन्यात गुलाम अहमद कर्णधार होते. उरलेल्या चार सामन्यांत नेतृत्व उम्रीगर यांच्याकडे आले आणि भारताने त्यांपैकी दोन जिंकून मालिका २–० अशी घेतली. त्यांनी एकूण आठ कसोटींत नेतृत्व केले : दोन विजय, दोन पराभव, चार अनिर्णित. जानेवारी १९५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध मद्रासच्या कसोटीसाठी त्यांची पुन्हा नेमणूक झाली होती. पण संघनिवडीवरून मंडळाशी मतभेद झाल्याने सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी कर्णधारपद सोडले आणि साधा खेळाडू म्हणून तो सामना खेळले. त्या एका मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले : उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड व अधिकारी. त्यानंतर उम्रीगर यांनी कसोटीत पुन्हा नेतृत्व केले नाही.

१९५९ नंतरची कामगिरी

१९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात, मँचेस्टर कसोटीच्या दुसऱ्या डावात, ट्रूमनचा समावेश असलेल्या संघाविरुद्ध उम्रीगर यांनी ११८ धावा केल्या. त्याच डावात अब्बास अली बेग यांनी पदार्पणात ११२ धावा काढल्या. भारत तो सामना १७१ धावांनी हरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियावर पहिला कसोटी विजय मिळवला. जसू पटेल यांचे १४ बळी सर्वांना ठाऊक आहेत. दुसऱ्या डावात उम्रीगर यांनी २७ धावांत ४ बळी घेतले होते, त्याचा उल्लेख फारसा होत नाही.

१९६०–६१ च्या मोसमात पाकिस्तानविरुद्ध त्यांनी कानपूर (११५), मद्रास (११७) व दिल्ली (११२) येथे शतके केली. पुढील मोसमात इंग्लंडविरुद्ध कानपूरला नाबाद १४७ धावा केल्या.

पोर्ट ऑफ स्पेन, १९६२

आकड्यांच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत भरीव सामना कारकिर्दीच्या अगदी शेवटी आला. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात बार्बाडोसविरुद्ध खेळताना कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली होती आणि नेतृत्व तरुण मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे गेले होते. एप्रिलमधील चौथ्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, उम्रीगर यांनी पहिल्या डावात ५६ धावा केल्या, मग १०७ धावांत ५ बळी घेतले. फॉलोऑन मिळाल्यावर वेस्ली हॉल व लान्स गिब्स यांच्यापुढे त्यांनी नाबाद १७२ धावा काढल्या. भारताने ४२२ धावांपर्यंत मजल मारली, तरी वेस्ट इंडीजने सामना सात गडी राखून जिंकला. एकाच कसोटीत शतक व डावात पाच बळी अशी कामगिरी करणारे ते मंकड यांच्यानंतरचे दुसरे भारतीय ठरले. मालिका भारताने ०–५ अशी गमावली, पण ४४५ धावांसह उम्रीगर भारतीयांत आघाडीवर होते. पुढची किंग्स्टन कसोटी ही त्यांची शेवटची कसोटी. पाठीच्या दुखण्यामुळे ते आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाले.

विक्रमांचे पुढे काय झाले

धावा व शतकांचे त्यांचे भारतीय विक्रम दीड दशकाहून अधिक काळ टिकले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुनील गावसकर यांनी ते मागे टाकले. या दोन काळांची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : ५९ कसोटी खेळायला उम्रीगर यांना सुमारे साडेतेरा वर्षे लागली.

भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. निवृत्तीनंतर ते भारतीय संघाचे व्यवस्थापक, राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष आणि नियामक मंडळाचे पदाधिकारी होते. १९९८–९९ साठी त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. वर्षातील सर्वोत्तम भारतीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला मंडळातर्फे दिला जाणारा पुरस्कार त्यांच्या नावाने असून २००६–०७ साठी तो प्रथम सचिन तेंडुलकर यांना देण्यात आला.