डाल्टन बंधू : स्वभावविशेष

डाल्टन बंधू : ‘लकी ल्यूक’ या फ्रेंच भाषेतील चित्रकथामालेत आणि तिच्यावरून पुढे निघालेल्या कार्टूनपटांत वावरणारे चार दरोडेखोर भाऊ. बेल्जियन चित्रकार मॉरिस (मूळ नाव मोरिस द बेव्हेर, १९२३–२००१) आणि फ्रेंच लेखक रने गोसिनी (१९२६–७७) हे त्यांचे जनक होत. ज्यो, विल्यम, जॅक आणि अ‍ॅव्हरेल अशी यांची नावे असून, चौघांचे चेहरे एकाच साच्यातून काढलेले, मिशा सारख्या, कैद्याचा पट्ट्यापट्ट्यांचा पोशाखही सारखा. भेद काय तो उंचीचा. आपल्या जुन्या स्वयंपाकघरांतील उतरंडीची मडकी भुईवर ओळीने मांडावीत तसे हे चौघे उभे राहतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाचा स्वभाव त्याच्या उंचीवरूनच वाचता यावा अशी योजना चित्रकाराने केलेली आहे : उंची जसजशी वाढत जाते तसतशी बुद्धी ओसरत जाते आणि क्रोधही ओसरत जातो.

या कल्पित भावांच्या मागे एक खरे घराणे आहे. अमेरिकेतील बॉब, ग्रॅट व एमेट डाल्टन या सख्ख्या भावांनी, एक थोरला भाऊ सरकारी अंमलदार म्हणून कर्तव्य बजावताना मारला गेलेला असतानाही आणि स्वतःही काही काळ कायद्याची चाकरी केलेली असतानाही, पुढे आगगाड्या लुटण्याचा मार्ग पत्करला, आणि ५ ऑक्टोबर १८९२ रोजी कॅन्सस राज्यातील कॉफीव्हिल या गावी, ज्या गावात त्यांना ओळखणारी माणसे होती त्याच गावी, एकाच वेळी दोन बँका लुटण्याचा बेत केला. खोट्या दाढ्या लावूनही ते ओळखले गेले; घोडे बांधण्याचे खांब रस्त्याच्या कामासाठी काढून टाकलेले असल्यामुळे घोडे दूर एका गल्लीत बांधावे लागले; आणि एका बँकेत तिजोरीचे वेळेचे कुलूप अद्याप काही मिनिटे उघडणार नाही अशी थाप नोकराने मारली, तीवर विश्वास ठेवून दरोडेखोर तिष्ठत उभे राहिले, तोवर बाहेर गाव हत्यारबंद झाला. चार नागरिक आणि चार दरोडेखोर त्या दिवशी प्राणांस मुकले. ही हकीकत मॉरिसने १९५४ मध्ये ग्रंथरूपाने निघालेल्या आपल्या चित्रकथेत घेतली आणि शेवटी भावांना मारूनही टाकले. परंतु अशी पात्रे पुन्हा मिळणार नाहीत हे ध्यानी आल्यावर, १९५५ पासून त्याच्या जोडीला आलेल्या गोसिनीने १९५८ च्या ग्रंथात त्यांचे चार चुलतभाऊ निर्माण केले. मृत भावांची कीर्ती गाठण्याची आकांक्षा धरणारे, पण आरंभी कोणीही भिऊ नये इतके अडाणी असलेले हे चुलतभाऊच प्रस्तुत नोंदीचा विषय होत. थापेला भुलून तिजोरीसमोर ताटकळण्याचा गुण मात्र त्यांनी खऱ्या भावांकडूनच वारसाहक्काने घेतला, असे मला वाटते.

ज्यो हा सर्वांत ठेंगणा, आणि म्हणून लवंगी मिरचीसारखा सर्वांत तिखट. टोळीचे पुढारपण त्याच्याकडे आहे, बेत त्याचे आहेत, हुकूम त्याचे आहेत; पण हुकमाची तामिली ज्यांच्याकडून करून घ्यायची ते तिघे भाऊ त्याला दैवाने दिले आहेत, हेच त्याच्या दुःखाचे मूळ होय. लकी ल्यूक या घोडेस्वाराचा, ज्याने त्याला वारंवार तुरुंगात आणून पोहोचविले त्याचा, नुसता नामोच्चार झाला तरी ज्योचा तोल सुटतो, आणि त्याला धरून, आवरून, समजावून शांत करणे हे उरलेल्या तिघांचे नित्यकर्म होऊन बसते. ज्यो मूर्ख नाही. त्याचे पुष्कळसे बेत पार पडण्याजोगे असतात. पण ज्या क्षणी मुकाट्याने पुढे सरकायचे त्याच क्षणी तो संतापाने ओरडतो, आणि पहारेकरी जागे होतात. क्रोध हा बुद्धीचा शत्रू होय हे आपल्याकडे कीर्तनकार सांगत आले. मॉरिसने ते चार बोटे उंचीच्या एका माणसाच्या लालबुंद चेहऱ्यात दाखविले आहे.

विल्यम व जॅक या मधल्या दोघांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. थोरल्याच्या क्रोधात आणि धाकट्याच्या भोळेपणात जे अंतर आहे ते भरून काढण्यासाठी यांची योजना झाली असून, कोण कोणता हे मुरलेल्या वाचकालाही चटकन सांगता येत नाही. मोठ्या कुटुंबात मधल्या मुलांची जी गत होते तीच यांची झाली आहे.

अ‍ॅव्हरेल हे मात्र या चौघांतील खरे रत्न. सर्वांत उंच, सर्वांत मंद आणि सर्वकाळ भुकेला असा हा भाऊ, भोवताली गोळ्या सुटत असोत की भुयार ढासळत असो, जेवण केव्हा मिळेल एवढीच चौकशी करतो. आमच्या खानदेशातील तावडी मुलखात, जेथे हिवाळ्यात शेतावर भरताचा बेत ठरला म्हणजे बाकी सर्व कामे आपोआप मागे पडतात, तेथील वाचकाला हा माणूस परका वाटण्याचे कारण नाही. त्याची भूक ही हाव नव्हे. त्याच्या ठायी लोभ नाही, सूडबुद्धी नाही, लुटीच्या वाट्याबद्दल आग्रह नाही. भाऊ दरोडेखोर आहेत म्हणून तोही दरोडेखोर आहे. गौळणीतला पेंद्या जसा आपल्या बोबड्या बोलांनी आणि वेड्यावाकड्या चालीने सभा हसवितो, पण त्याच्या निष्कपटपणामुळे प्रेक्षकांचा जीव त्याच्यावर जडतो, तसाच हा अ‍ॅव्हरेल. पहारेकऱ्याने सहज विचारले तर तो पळण्याचा बेतही सहज सांगून टाकील, कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यावे एवढेच त्याला कळते.

१९७१ च्या ग्रंथात या चौघांची आई अवतरली, आणि स्वभावचित्रणाचा एक नवा पदर उलगडला. ही म्हातारी हाती रिकामे पिस्तूल घेऊन दुकाने लुटते, आणि दुकानदार तिची दया येऊन तिला माल देतात. तिचा सर्व ओढा अ‍ॅव्हरेलकडे आहे. जगाला थरथर कापविण्याची उमेद बाळगणारा ज्यो आईने धाकट्याच्या पानात अधिक वाढले म्हणून धुमसतो, तेव्हा त्याच्या सर्व क्रोधाची गुरुकिल्ली वाचकाच्या हाती येते. १९७५ च्या ग्रंथात एक मानसशास्त्रज्ञ प्राध्यापक या भावांचे बालपण उकलून त्यांना सन्मार्गाला लावण्याचा प्रयोग आरंभितो आणि अखेर स्वतःच दरोडेखोरीच्या नादी लागतो. या दोन ग्रंथांत आईच्या पानाचा प्रसंग मला अधिक खोल वाटतो, कारण त्यात शास्त्राची मदत न घेता तीच गोष्ट सांगितली आहे.

तुरुंग हे या भावांचे घर आहे. गोसिनीच्या बहुतेक डाल्टन-कथा पलायनाने सुरू होतात आणि कोठडीत संपतात. त्या तुरुंगाचा रक्षक कुत्रा रांतांप्लां, जो अमेरिकन चित्रपटांतील रिन टिन टिन या सुप्रसिद्ध हुशार कुत्र्याचे विडंबन म्हणून निर्माण झाला, तो बुद्धीने अ‍ॅव्हरेलच्याही खाली आहे. फरारी कैद्यांना पाहून तो शेपूट हालवितो. २०१० मध्ये झिलाम या फ्रेंच संस्थेने, जिची ‘ऑगी अँड द कॉक्रोचेस’ ही मालिका आपल्याकडील मुलांना तोंडपाठ आहे, केवळ या भावांवर छोट्या छोट्या भागांची स्वतंत्र मालिका काढली. तीत लकी ल्यूकला स्थानच नाही. वाळवंटातील एक तुरुंग, चार कैदी आणि दर भागात पळण्याचा एक नवा उपाय, एवढ्या भांडवलावर ती चालते. नायकाला वगळण्याचा हा निर्णय मोठा मार्मिक होता, कारण त्यामुळे एक गोष्ट निर्विवाद ठरली : या भावांना अडविण्यासाठी बाहेरच्या कोणाची गरज नाही.

आमच्या याच मुलखातील भुसावळासारख्या गावात, जेथे आगगाडी हाच गावाचा प्राण आहे आणि जेथून एक वाट नागपूरला तर दुसरी खांडव्याकडे फुटते, तेथे आगगाडी आणि फरारी यांची सांगड कोणाला नवी नाही. याच खांडव्याच्या तुरुंगातून १८७८ मध्ये तंट्या भिल्ल निसटला. निमाड आणि खानदेशच्या डोंगरांत तो पुढे सुमारे अकरा वर्षे सरकारच्या बंदोबस्ताला दाद न देता वावरला, आणि विश्वासातल्या माणसाने दगा दिल्यावरच हाती लागून ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरास फासावर गेला. लोकांनी त्याला मामा केले. पाताळपाणी स्थानकाजवळच्या त्याच्या स्थानापाशी गाडी क्षणभर थांबवून वंदन करण्याची वहिवाट पडली. तंट्या गरिबांसाठी झुंजला, डाल्टन बंधू कोणासाठीच नव्हे, म्हणून दोघांची बरोबरी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पण लोकमानस फरारी माणसाला विसरू इच्छीत नाही, त्याला एक तर मामा करून घेते किंवा विदूषक करून घेते, हे मात्र या दोन उदाहरणांवरून स्पष्ट दिसते.

या चौघांच्या स्वभावाचा मूळ धागा त्यांच्या भावंडपणात आहे. आपल्याकडे भाऊबंदकी म्हणजे जमिनीच्या वाटणीपासून दिवाणी कोर्टापर्यंत जाणारा कलह. डाल्टन बंधू रात्रंदिवस भांडतात, ज्यो अ‍ॅव्हरेलच्या अंगावर धावून जातो, पण वाटणी मागण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. एकट्या ज्योला त्या तुरुंगातून बाहेर पडणे अवघड नव्हते. तो प्रत्येक वेळी चौघांचा बेत करतो, चौघांसाठी भुयार खणतो, आणि चौघांपैकी एकाच्या चुकीने पुन्हा आत येतो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चौघांचाच बेत करतो.

कॉफीव्हिलच्या त्या गल्लीत एमेट डाल्टन, वयाने जेमतेम एकवीस वर्षांचा, जखमी अवस्थेत का होईना, पैशाची थैली घेऊन घोड्यावर बसला होता आणि निसटून जाऊ शकत होता. त्याने घोडा मागे फिरविला आणि मरणोन्मुख बॉबला वर ओढून घेण्यासाठी हात खाली केला, तोच त्याच्या पाठीत छर्रे घुसले. अंगावर वीसहून अधिक जखमा घेऊन तो जगला, जन्मठेपेची शिक्षा झाल्यावर सुमारे चौदा वर्षे कॅन्ससच्या तुरुंगात राहिला आणि १९०७ मध्ये माफी मिळून बाहेर आला. तो १९३७ मध्ये वारला.