चित्रगुणोत्तर
चित्रगुणोत्तर : चित्रपट व दूरचित्रवाणी यांतील चित्राच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण. मूकपटांपासून रूढ झालेले ४:३ हे प्रमाण दूरचित्रवाणीने स्वीकारले. तिच्या स्पर्धेला तोंड देण्यासाठी अमेरिकन चित्रपटव्यवसायाने १९५३ मध्ये सिनेमास्कोपचा रुंद पडदा आणला. सातारा जिल्ह्यात वाईजवळील मेणवली येथे चित्रित झालेल्या स्वदेस (२००४) या हिंदी चित्रपटाची चौकट सुमारे २·३५:१ आहे. असे चित्र ४:३ पडद्यावर उंची भरून दाखविल्यास त्याचा सुमारे ४३% भाग कडांना कापला जातो. संपूर्ण रुंदी राखल्यास पडद्याचा तेवढाच भाग वर-खाली काळा राहतो. या दोन टोकांमधील १६:९ या प्रमाणामुळे ही हानी सुमारे २४ टक्क्यांवर आली. तथापि कृष्णाकाठचा रुंद देखावा अखंड हवा असेल, तर काळ्या पट्ट्या स्वीकाराव्याच लागतात.