मध्यंतराचा उजेड

चित्रपटगृहांतील दिवे मालवले, कीं शेजारीं कोण बसला आहे याची कोणी चौकशी करीत नाहीं. खरी परीक्षा मध्यंतरांत होते. दिवे लागतात, माणसें एकमेकांकडे पाहूं लागतात, आणि ज्याला आपली ओळख झांकून जगावें लागतें त्याला तो उजेड नकोसा होतो. समलिंगी व तृतीयपंथी स्त्रीपुरुषांच्या चित्रपटमहोत्सवाचा आपल्या देशांतील इतिहास हा एका अर्थीं या मध्यंतराच्या उजेडाचाच इतिहास होय. कोणते चित्रपट दाखविले, यापेक्षां ते पाहावयास कोण, कोठें आणि कसे बसले, हें त्यांत अधिक महत्त्वाचें आहे.

मराठी प्रेक्षक या विषयाला अगदींच अपरिचित होता, असें नाहीं. विजय तेंडुलकरांचें 'मित्राची गोष्ट' हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें, आणि १९८२ सालच्या जब्बार पटेलांच्या 'उंबरठा' या चित्रपटांत महिलाश्रमांतील दोन स्त्रियांच्या परस्परप्रेमाचा प्रसंग आला. सुजाण प्रेक्षकांनीं या कृतींचा आदर केला. तथापि ज्यांचें दुःख रंगमंचावर दिसलें, तीं माणसें प्रेक्षागारांतहि बसलेलीं असतील, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानीं आली नाहीं. तीं होतीं, परंतु गप्प होतीं.

पुढें १९९६ सालीं रियाद वाडिया यांनीं 'बॉमगे' नांवाचा एक छोटा चित्रपट काढला. 'हंटरवाली' ज्यांच्या वाडिया मूव्हीटोननें पडद्यावर आणली, त्या जे. बी. एच. वाडियांचे हे नातू. आजोबांच्या चित्रपटाला गांवोगांवचीं चित्रपटगृहें खुलीं होतीं; नातवाचा चित्रपट मात्र परीक्षण मंडळापुढें गेलाच नाहीं, तो निवडक मंडळींपुढेंच दाखविला गेला. दीपा मेहतांच्या 'फायर'चें दैव निराळें. परीक्षण मंडळानें तो संमत केला होता, तरी १९९८ च्या डिसेंबरांत मुंबईंत व दिल्लींत चित्रपटगृहांवर मोर्चे आले, कांचा फुटल्या व खेळ बंद पडले. तिकीट काढून खुर्चीवर बसणें हें देखील धाडसाचें कृत्य होऊं शकतें, हें त्या दिवसांनीं दाखविलें.

दिनांक २ जुलै २००९ रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें १८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम सज्ञानांच्या खासगी व संमत संबंधांस लागू नाहीं, असा निर्णय दिला. दुसऱ्याच वर्षीं, एप्रिल २०१० मध्यें, मुंबईंत 'कशिश' महोत्सव भरला. कशिश म्हणजे ओढ. त्याचे प्रवर्तक श्रीधर रंगायन यांच्या 'गुलाबी आईना' या चित्रपटास परीक्षण मंडळानें प्रमाणपत्र नाकारलें होतें. बंद दाराचा अनुभव त्यांस नवा नव्हता. म्हणूनच हा महोत्सव एखाद्या आडबाजूच्या खोलींत न भरवितां, सरकारची रीतसर अनुज्ञा घेऊन, नित्याच्या व्यापारी चित्रपटगृहांत भरविण्याचें त्यांनीं योजिलें. सज्ञान असणें एवढीच प्रवेशाची अट. तूं कोण, असें दारावर कोणी विचारावयाचें नाहीं.

खरी कसोटी पुढेंच होती. दिनांक ११ डिसेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला, आणि ज्यांनीं नुकतें उघडपणें वावरण्यास आरंभ केला होता तीं माणसें पुन्हां कायद्याच्या छायेखालीं आलीं. अशा वेळीं महोत्सव आकसून घेणें व्यवहाराला धरून झालें असतें. पण २०१४ च्या मे महिन्यांत तो मरीन लाइन्सजवळच्या 'लिबर्टी'मध्यें गेला. सुमारें बाराशें खुर्च्यांचें हें भव्य चित्रपटगृह १९४९ सालीं 'अंदाज' या चित्रपटानें उघडलें. त्याच्या नांवांतच नुकत्याच मिळालेल्या स्वातंत्र्याचा घोष होता. त्या नांवाला पासष्ट वर्षांनीं असा नवा अर्थ येईल, हें कोणास ठाऊक होतें!

असा निराळा महोत्सव हवाच कशाला, अशी शंका पुष्कळांस येते. तिचें उत्तर तेथील मध्यंतरांत मिळतें. तेथें समलिंगी जोडपीं असतात, तृतीयपंथी असतात, कांहींचे आईबाप व भावंडें असतात, आणि केवळ चित्रपटाच्या गोडीनें आलेले गृहस्थहि असतात. दिवे लागतात आणि कोणी उठून अंधाराच्या आडोशाला जात नाहीं. ज्यास निराळेपण म्हणावयाचें, तें येथें वाढत नाहीं, उलट झिजतें.

दिनांक ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सज्ञानांचे संमत संबंध गुन्ह्यांतून मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं मात्र अशा जोडप्यांच्या विवाहास मान्यता देण्याचें नाकारलें. कायद्याचें दार असें अर्धें उघडें राहिलें. पण घराचें दार? तो प्रश्न मुंबईपुरता नाहीं.

राहुरीला लागूनच संगमनेर तालुका आहे. त्यांतील खरशिंदे गांवाच्या परिसरांत रोहन परशुराम कानवडे यांनीं 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट केला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठीं गांवीं आलेला मुंबईचा एक तरुण, आणि लग्नासाठीं घरच्यांचा तगादा सोसणारा एक शेतकरी, यांच्या जिव्हाळ्याची ही कथा. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत परदेशी कथाचित्रांचें सर्वोच्च पारितोषिक तिला मिळालें, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत ती आपल्याकडील चित्रपटगृहांत आली.

निवडुंगाचें बोंड राहुरीकडच्या माणसाला नवें नाहीं. वरचीं बारीक कुसळें बोटांत शिरतात. तीं जपून काढलीं, तरच आंतला लालभडक गोड गर हातीं येतो. परक्या देशाच्या प्रेक्षकांनीं ही गोडी ओळखली. आतां मध्यंतरांत दिवे लागतील तेव्हां, आपल्याच घरचा मुलगा शेजारच्या खुर्चीवर निर्धास्त बसून राहील काय, एवढेंच पाहावयाचें उरलें आहे.