निबंध आणि त्याची कसोटी

व्यवसायप्रक्रिया-व्यवस्थापन या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००३ साली नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथे, पेट्री-जाळ्यांच्या परिषदेसोबतच भरली. हे सान्निध्य सूचक होय. प्रक्रियेचे गणिती प्रतिमान रचणे ही या शास्त्राची एक मूळ प्रेरणा आहे. परंतु माहितीप्रणालीचे अभियंते आणि संस्थाव्यवहाराचे अभ्यासक यांचाही त्यावर तितकाच अधिकार. मग सिद्धता, प्रयोग व क्षेत्रनिरीक्षण यांस एकच माप कसे लावावे? २०१८ च्या सिडनी परिषदेने मूलतत्त्वे, अभियांत्रिकी व व्यवस्थापन असे तीन विभाग करून प्रत्येकास स्वतंत्र परीक्षकमंडळ दिले. तेव्हापासून आपला पुरावा कोणत्या जातीचा, हे निबंध धाडण्यापूर्वीच लेखकास ठरवावे लागले. परीक्षणाच्या नियमांचा इतिहास हा अशा रीतीने शास्त्राच्या आत्मपरिचयाचाच इतिहास ठरतो.