आधी पाणी, मग रूळ

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड अशी मराठी मुलखातून वाहत जाते, आणि पुढे तेलुगू प्रदेश ओलांडून राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या उगमापाशी भाविक गौतम ऋषींचे स्मरण करतात. मुखापाशी मात्र स्नानाचा संकल्प सोडताना तेथील ब्राह्मण एका इंग्रजाचेही नाव घेत असत, असे सांगितले जाते. तो इंग्रज म्हणजे सर आर्थर कॉटन. परक्या राजवटीचा हा नोकर लोकांच्या स्मरणात इतका खोल कसा गेला, आणि त्याच्याच सरकारने त्याचे म्हणणे का झिडकारले, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

कॉटनचा जन्म १५ मे १८०३ रोजी झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या अ‍ॅडिस्कोम्ब येथील लष्करी विद्यालयात शिकून तो १८२१ साली मद्रासला आला. ब्रह्मदेशाच्या पहिल्या युद्धात त्याने भाग घेतला खरा. पण त्याचे आयुष्य गेले ते नद्यांच्या काठी.

त्याची पहिली परीक्षा कावेरीवर झाली. तिरुचिरापल्लीजवळ कावेरीचे दोन फाटे होतात. त्यांपैकी कोळ्ळिडम हा उत्तरेकडचा फाटा अधिक उताराचा असल्यामुळे पाणी वर्षानुवर्षे तिकडेच ओढले जाई, मूळ कावेरी गाळाने भरत जाई, आणि तंजावरची शेते कोरडी पडत. कॉटनने १८३६ साली कोळ्ळिडमच्या तोंडाशी बंधारा घालून पाणी पुन्हा कावेरीकडे वळविले. जवळच चोळांच्या काळापासून उभा असलेला कल्लणै हा बंधारा त्याने बारकाईने अभ्यासला होता. ज्या वाळूचा तळ लागत नाही, तिच्यावर दगडी बांधकाम कसे उभे करावे, हे आपण याच देशाच्या जुन्या कारागिरांपासून शिकलो, असे त्याने पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले.

याच सुमारास त्याने मद्रासजवळ रेड हिल्स येथे दगड वाहण्यासाठी लोखंडी रूळ टाकले. मुंबई-ठाणे गाडी धावली १८५३ साली. हे रूळ १८३७ सालचे. म्हणजे पुढे ज्याला रेल्वेचा वैरी म्हटले गेले, तोच हिंदुस्थानातील पहिल्या रेल्वेचा कर्ता होता.

गोदावरीच्या मुखाकडील प्रदेश त्या वेळी भयाण अवस्थेत होता. १८३२-३३ च्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली. १८३९ साली समुद्रावरून आलेल्या वादळाने उरलेसुरले झोडपून काढले. १८२१ पासूनच्या वीस वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पाव हिश्शाने घटली. आणि हे कोठे, तर जिच्या पात्रातून दर पावसाळ्यात अफाट पाणी समुद्रात जाते, त्या नदीच्या काठी! कॉटनने १८४४ साली पाहणीचा अहवाल दिला. दयाधर्माच्या आवाहनावर कंपनीचे संचालक हलणार नाहीत, हे तो जाणून होता. म्हणून त्याने त्यांच्यापुढे महसुलाचा हिशेब मांडला : पाणी दिले तर सारा वाढेल, न दिले तर आहे तोही बुडेल. १८४६ च्या अखेरीस मंजुरी आली, आणि १८४७ साली धवळेश्वरम् येथे काम सुरू झाले.

तेथे नदीचे पात्र सुमारे चार मैल रुंद असून मधल्या बेटांमुळे तिचे चार प्रवाह होतात. या चारही प्रवाहांवर मिळून दोन मैलांहून अधिक लांबीचे दगडी बांधकाम करावयाचे होते. जवळच्या टेकडीचा दगड रुळांवरून वाघिणींनी नदीपर्यंत येई. हजारो मजूर राबत होते. त्यांना जमविण्याचे आणि कामावर टिकवून धरण्याचे अवघड काम वीणेम वीरन्ना या तेलुगू साहाय्यकाने पार पाडले. १८४८ च्या अखेरीस कॉटन आजारी पडून ऑस्ट्रेलियास गेला, तेव्हा कॅप्टन ऑरने काम पुढे चालविले. १८५० साली कॉटन परतला, आणि १८५२ साली बंधारा पुरा झाला.

हा बंधारा पाणी साठवीत नाही. तो नदीची पातळी काही फुटांनी उचलतो, म्हणजे पाणी आपोआप दोन्ही तीरांच्या कालव्यांत शिरते. पुराचे पाणी माथ्यावरून निघून जाते, आणि खालच्या दारांतून गाळ धुऊन काढता येतो. कालवे नावा चालतील इतके रुंद ठेवले होते. जे पाणी भात पिकवी, तेच भात बाजारात नेई.

हाच कॉटनच्या विचाराचा गाभा होता. धान्य वाहून नेण्याआधी ते पिकले पाहिजे. म्हणून आधी पाणी, मग रूळ. १८५४ पासून त्याने ग्रंथ, पत्रके आणि भाषणे यांतून हा आग्रह धरला. पण रेल्वेच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती, आणि तूट भरून निघत होती ती हिंदी रयतेच्या करांतून. सैन्य वेळेवर हलविण्याची सोय रेल्वेत होती, ती नावेत नव्हती.

कॉटनच्या पराभवाचा दोष मात्र केवळ सरकारवर टाकता येत नाही. त्याच्या प्रेरणेने निघालेल्या मद्रास इरिगेशन कंपनीने तुंगभद्रेचे पाणी कर्नूल-कडप्प्याकडे नेले. गोदावरीच्या मुखाकडे भाताची सपाट शेते पाण्याची वाट पाहत होती. येथे काळ्या जमिनीत ज्वारी पिकविणारा शेतकरी पट्टी भरून पाणी घेण्यास तयार होईना. खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि १८८२ साली तो कालवा सरकारला विकत घ्यावा लागला. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून वऱ्हाडचा कापूस पूर्व किनाऱ्यावर नेण्याच्या योजनेचीही तीच गत झाली. पात्रातील खडकांनी वाट अडविली, दरम्यान १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि १८७१ साली ते काम सोडून देण्यात आले. एका नदीवर जमलेले गणित दुसरीला तसेच लावण्याची चूक, कल्लणैपुढे विद्यार्थी होऊन उभ्या राहिलेल्या या माणसाकडूनही झाली.

१८७६-७८ चा भीषण दुष्काळ सोलापूर, विजापूर, बेळगाव, धारवाडपासून मद्रासपर्यंत पसरला. रेल्वेने धान्य आणले. पण विकत घेण्यास पैसा नसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? वयाच्या पंचाहत्तरीत कॉटन पार्लमेंटच्या १८७८ च्या समितीपुढे उभा राहिला. त्याच्या मोठ्या योजनांची तेथे कठोर उलटतपासणी झाली, आणि निर्णय त्याच्याविरुद्ध गेला. अखेरची वर्षे त्याने इंग्लंडमध्ये डॉर्किंग येथे घालविली; तेथेही तो खोल नांगरटीने गहू पिकविण्याचे प्रयोग करीत होता. जुलै १८९९ मध्ये तो वारला.

त्याच वर्षी पावसाने पाठ फिरविली, आणि गुजरात, माळवा व दख्खनवर छप्पन्नचा दुष्काळ कोसळला. तोवर देशात वीस हजार मैलांहून अधिक रूळ पडले होते. धवळेश्वरम् येथील जुन्या बंधाऱ्याची जागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या बांधाने घेतली. त्यालाही स्वतंत्र भारताने नाव दिले ते आर्थर कॉटनचेच.